कंस टाकणारं कॅल्क्युलेटर

मी परभणीत डिप्लोमाच्या लेकरांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. ॲडमिशन झाली की "सर, कॅल्क्युलेटर कोणतं घेऊ?" हा प्रश्न सुरू होतो तो दिवाळीपर्यंत संपत नाही. पोरांचे झाले की त्यांच्या वडिलांचे फोन येतात, "तेराशे रुपये द्यायसारखं काय हाय सर त्यात? आमच्या मोंढ्यात अडीचशेचं चालतंय की." प्रश्न रास्त आहे. एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं पाठवून देता येईल.

कंपनीचं नाव लिहीत नाही. स्टेशन रोडला नाहीतर नानलपेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात जाऊन "साइंटिफिक द्या, डिप्लोमावालं" म्हणा, पहिलं जे काढून देतील ते हेच. मला तेराशेला पडलं. सरकवून बसवायचं कडक झाकण, वर सोलरची पट्टी, आत एक बटणसेल, आणि अपूर्णांक वहीत लिहितो तसे वर-खाली दाखवणारा डिस्प्ले. डब्यावर चारशेच्या वर फंक्शन लिहिलेली असतात. त्यातली चाळीस तीन वर्षांत वापरली तरी पोरानं नाव काढलं म्हणायचं. मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर, तीन चलांची समीकरणं हे सगळं बिनबोभाट होतं. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

यंत्राचा कस बघायचा म्हणून लोक साइन थर्टी काढतात. ते दीडशेच्या यंत्रालाही येतं. मी एकच आकडा टाकतो: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनचा बत्तिसावा घात करायचा आणि त्यात एक मिळवायचा, की हा आकडा येतो. ह्याचे अंक बरोबर दहा, आणि ह्या यंत्राच्या पडद्यावर मावतातही दहाच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पडदा गच्च भरतो.

आकडा किती मोठा म्हणाल तर बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवा. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. गोष्टीत गहू किंवा तांदूळ असतो, आपण ज्वारी घेऊ. पट अर्धा संपवून तेहेतिसाव्या घरात गेलं की तिथं दोनचा बत्तिसावा घात एवढे दाणे ठेवावे लागतात. हजार दाण्यांचं वजन तीस ग्रॅम धरलं तर त्या एका घरात सव्वाशे टनांच्या पुढं ज्वारी झाली. दहा टनी ट्रक तेरा लागतील. त्या ढिगावर वरून आणखी एक दाणा टाका, आपला आकडा झाला.

आता मोंढ्यातल्या अडीचशेच्या कॅल्क्युलेटरचं. ते बारा आकडी असतं आणि त्याच्यात काही वाईट नाही. अडत्याचा हिशेब, पट्टी, हमाली, तोलाई सगळं त्याच्यावरच होतं. आपला आकडा त्यात आरामात मावतो. ६४१ नं भागलात तर ६७००४१७ हे उत्तरही चोख देतं. पण मुळात ६४१ नंच भागायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिथं ते गप्प. खिशातल्या आठ आकडी यंत्रावर तर ६५५३६ गुणिले ६५५३६ केलं की कोपऱ्यात 'ई' उगवतं आणि काम थांबतं.

तेराशेच्या यंत्रावर मात्र एक बटण आहे. पिवळ्या अक्षरांत 'फॅक्ट' लिहिलेलं, अंश-मिनिटं-सेकंदांच्या बटणाच्या वर. आकडा टाकून आधी 'बरोबर' दाबायचं, मग शिफ्ट, मग हे. यंत्र आकड्याचे मूळ अवयव पाडून दाखवतं. १०१४ टाकला तर २ × ३ × १३² असं सुबक लिहून देतं. पोरांना हे बटण माहीतच नसतं, कारण सिलॅबसमध्ये त्याचं काम पडत नाही. माझ्या मते ह्या यंत्रातली सगळ्यांत बघण्यासारखी गोष्ट तीच आहे.

तर ४२९४९६७२९७ टाकला, बरोबर, शिफ्ट, फॅक्ट. क्षणभर थांबतं आणि पडद्यावर येतं:

६४१ × (६७००४१७)

वर्गात हे करून दाखवलं की पुढच्या बाकावरचं कुणीतरी विचारतंच. गेल्या बॅचला वसमतहून येणारी एक पोरगी होती, तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "सर, दुसऱ्याच आकड्याला कंस कशाला टाकायलंय हे? पहिल्याला का नाही टाकला?"

हाच तो प्रश्न. ह्या यंत्राला तीन अंकांपर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायची सवय आहे. २, ३, ५ पासून निघतं आणि ९९७ ला थांबतं. त्यापुढची मूळ संख्या १००९, आणि तिचा वर्ग १०१८०८१. भागून भागून जे उरलं ते १०१८०८१ पेक्षा लहान असेल तर ते मूळ असणारच, कारण त्याचे दोन तुकडे पडले असते तर त्यातला एक तरी ९९७ किंवा त्याच्या खाली सापडला असता. अशा वेळी यंत्र कंस टाकत नाही. उरलेला आकडा ह्याच्यापेक्षा मोठा असेल तर यंत्राला खात्री देता येत नाही, म्हणून ते कंस टाकतं.

ह्याची दुसरी बाजू दाखवायला मी लगेच ४१०४६७६ टाकायला लावतो. उत्तर येतं २² × (१०२६१६९). हा कंसातला आकडा म्हणजे १०१३ चा वर्ग, मूळ नाहीच. म्हणजे कंसात मूळ संख्याही असू शकते आणि संयुक्तही. "इथून पुढं मी पाहिलेलं नाही," एवढंच तो कंस सांगतो. कॅल्क्युलेटरच्या धंद्यात एवढं सरळ बोलणारं बटण मला दुसरं दिसलं नाही. बाकीची बटणं दहाव्या अंकापुढं काय झालं ते गुपचूप गिळून टाकतात आणि पोरं त्यालाच पक्कं उत्तर समजतात.

आता हाच आकडा का, ते सांगतो. १६४० साली पिएर द फर्मा ह्या फ्रेंच गृहस्थानं (पेशानं कायदेवाला, गणित हा त्याचा छंद) पत्रांतून एक अंदाज मांडला. दोनचा घात घ्यायचा, पण घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीनं वाढवत न्यायचा, आणि प्रत्येक वेळी एक मिळवायचा. पहिले पाच आकडे येतात ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, आणि पाचही मूळ. ह्या रांगेतले सगळेच आकडे मूळ असावेत असं त्याला वाटलं. सिद्ध करता येत नाही हेही त्यानंच सांगून ठेवलं. आपला ४२९४९६७२९७ ह्या रांगेतला सहावा. फर्मानंतर जवळजवळ शंभर वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख नावाच्या गणितज्ञानं ऑयलर ह्या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. १७३२ मध्ये, पंचविशीतल्या त्या माणसानं ६४१ काढून दाखवला आणि अंदाज मोडला.

गंमत अशी की ऑयलरनं ज्या हत्यारानं हे केलं ते फर्माच्याच घरातलं होतं. मूळ संख्या p असेल आणि तिनं २ ला भाग जात नसेल, तर दोनच्या p वजा एकाव्या घाताला p नं भागल्यावर बाकी १ उरते. हे फर्माचं छोटं प्रमेय, आणि तेही १६४० च्याच एका पत्रातलं. आपल्या आकड्याला p नं पूर्ण भाग जात असेल तर दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी 'उणे एक' (म्हणजे p पेक्षा एकनं कमी) आली पाहिजे, म्हणजे चौसष्टाव्या घाताची बाकी 'एक'. बाकी 'एक' पहिल्यांदा येते ती ह्या चौसष्टाव्या घातालाच, आणि मग दर चौसष्ट घातांनी; छोट्या प्रमेयानं ती p वजा एकाव्या घातालाही येते, त्यावरून p वजा एक ह्याला ६४ नं भाग गेलाच पाहिजे. म्हणजे वाटेल त्या संख्येनं भागत बसायचं कारण नाही. ६४ च्या पाढ्यात एक मिळवून जे आकडे येतात त्यातल्याच मूळ संख्या बघायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला सापडला.

ह्याच्या जागी कुणी २, ३, ५, ७ करत सरळ निघालं तर ६४१ हा मूळ संख्यांच्या ओळीत एकशे सोळावा आहे. आणि १८७८ मध्ये लुका नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं आणखी एक गोष्ट दाखवली, की ६४ काय, १२८ चाच पाढा घ्यायला हरकत नाही. मग यादी आणखी आखडते: २५७, ६४१. दुसऱ्याच फटक्याला काम झालं. एकशे सोळा, पाच, दोन हे तीन आकडे मी फळ्यावर एकाखाली एक लिहितो आणि थोडा वेळ काही बोलत नाही. ज्याला समजायचं त्याला समजतं.

ह्यात १९३ नं भागताना बाकी उरते १०९, आणि २५७ नं भागताना २. ही दुसरी बाकी बघून ठेवा. ३ नं भागा, ५ नं भागा, १७ नं भागा, ६५५३७ नं भागा, दरवेळी बाकी २ च. कारण आपल्या आकड्यातून २ वजा केले की ४२९४९६७२९५ उरतात, आणि तो त्या रांगेतल्या आधीच्या पाचही जणांचा गुणाकार आहे. यंत्रावर टाकून बघा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. कंस नाही! ६५५३७ पाच अंकी असूनही नाही, कारण तो १०१८०८१ च्या आत बसतो. वसमतच्या त्या पोरीला हे दाखवल्यावर तिनं वहीत दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहून घेतली. शिकवणीची फी त्या दिवशी वसूल झाली असं मला वाटलं. तिच्या वडिलांना काय वाटलं ते ठाऊक नाही.

६४१ नं भाग जातो हे यंत्राशिवाय, आठवी-नववीच्या बीजगणितानंही दाखवता येतं. हे मी दरवर्षी करतो, कारण लेकरांना ते जादूसारखं वाटतं आणि त्यात लपवाछपवी काहीच नाही. ६४१ दोन प्रकारे लिहा. एक, ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे पाचचा चौथा घात अधिक दोनचा चौथा घात. आता ६४० चा चौथा घात वजा एक घ्या. त्याचे अवयव पाडले की त्यात ६४० अधिक १ येतोच, तेव्हा त्याला ६४१ नं भाग जातो. हा ६४० चा चौथा घात म्हणजे पाचचा चौथा घात गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात. दुसऱ्या बाजूनं ६४१ ला दोनच्या अठ्ठाविसाव्या घातानं गुणा. मिळतं पाचचा चौथा घात गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात, अधिक दोनचा बत्तिसावा घात. ह्याला तर ६४१ नं भाग जाणारच. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. मोठा तुकडा उडून जातो आणि दोनचा बत्तिसावा घात अधिक एक उरतो. भागाकार एकदाही केला नाही.

आता यंत्रानं अर्धवट सोडलेलं काम. कंसातला ६७००४१७ मूळ आहे का? आडमुठेपणानं जायचं तर २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागेल, त्या ३७६ आहेत. पण त्याचा जो कुणी अवयव असेल तो आपल्या मोठ्या आकड्याचाही अवयव असणार, म्हणजे तोही १२८ च्या पाढ्यात एक मिळवूनच येणार. २५८८ च्या आत असे आकडे वीस, आणि त्यात मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. ६७००४१७ ला ह्यांनी भागल्यावर बाक्या उरतात १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. शून्य एकही नाही. म्हणून तो मूळ, आणि आता कंस पुसला तरी चालेल. तीनशे शहात्तरच्या जागी पाच भागाकार, बाक मोडेपर्यंत बसायची गरज नाही.

आणि इथंच यंत्राची खरी उणीव समोर येते. बाकी काढायचं बटणच नाही. ६७००४१७ ला २५७ नं भागलं की २६०७१.६६ असं काहीतरी दशांशात येतं. मग त्यातून २६०७१ वजा करा, उरलेल्याला २५७ नं गुणा, तेव्हा १७० हाती लागतात. पाच वेळा हेच. मुलं पहिल्या दोन वेळा उत्साहानं करतात, तिसऱ्या वेळी शेजारच्याच्या वहीत बघतात. एवढ्या चारशे फंक्शनांत एक बाकीचं बटण घालायला काय झालं होतं कोण जाणे. चौथी-पाचवीतलं गणित आहे ते.

दुसरी उणीव कॉम्प्युटरच्या पोरांसाठी. ह्याच यंत्रात बेस मोड आहे, बायनरी-हेक्साडेसिमल वगैरेसाठी. तो बत्तीस बिटांचा आहे आणि अधिक-उण्यात वाटलेला, म्हणून वरची हद्द २१४७४८३६४७. आपला आकडा तिथं टाकला तर यंत्र सरळ एरर देतं. बायनरीत तो लिहायला तेहेतीस घरं लागतात: पहिल्या घरात एक, शेवटच्या घरात एक, मध्ये एकतीस शून्यं. बत्तीसच घरं असतील तर डावीकडचा एक बाहेर पडतो आणि उरतो नुसता १. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांनी बत्तीस बिटांच्या अनसाइन्ड (उणे आकडे नसलेल्या) चलात हा आकडा भरून छापून बघावा. चार अब्ज भरले आणि एक रुपया निघाला, असा हिशेब होतो. ही मात्र यंत्राची चूक म्हणता येणार नाही. ते निदान एरर तरी देतं.

मोबाइलचं विचाराल तर हो, त्यावर अवयव पाडणारं ॲप असेल तर हा आकडा टाकताच दोन्ही अवयव दिसतात, कंस-बिंस काही नाही. पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं ॲप असेल तर आणखी एक गंमत होते. १८७७ मध्ये पेपँ नावाच्या गणितज्ञानं एक चाचणी दिली: तीनचा घात घ्यायचा, घातांक आपल्या आकड्यातून एक वजा करून जे उरेल त्याच्या निम्मा, आणि त्याला आपल्याच आकड्यानं भागायचं. बाकी 'उणे एक' आली तरच आकडा मूळ. इथं बाकी येते १०३२४३०३. म्हणजे एकही अवयव न शोधता आकडा संयुक्त ठरला. पण मोबाइल परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवावा लागतो, आणि माझ्या वर्गाबाहेरही.

आणि यंत्राचं कौतुक फार चढू नये म्हणून मी झेरा कोलबर्नची गोष्ट सांगतो. १८०४ चा जन्म, अमेरिकेतला पोरगा. बाप त्याला गावोगाव हिशेबाचे खेळ करून दाखवायला घेऊन फिरायचा. लहानपणीच लंडनला नेला, तिथं कुणीतरी हाच आकडा पुढं टाकला. पोरानं तोंडी सांगितलं, ६४१ नं भाग जातो. त्याच्याकडं ना बटण ना सोलर.

ज्यांना भूमितीची आवड आहे त्यांच्यासाठी थोडं. १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गाउस ह्या जर्मन गणितज्ञानं दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासनं काढता येतो. पुढं ठरलं असं की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या रांगेतल्या मूळ संख्यांचाच, आणि प्रत्येकी एकदाच घेऊन, गुणाकार असली पाहिजे. असंच असावं लागतं ह्याची पक्की सिद्धता वान्त्सेल ह्या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ मध्ये दिली. अशा मूळ संख्या आजही त्या पाचच माहीत आहेत. त्या पाचही गुणल्या की ४२९४९६७२९५. म्हणजे एवढ्या बाजूंचा बहुभुज पट्टी-कंपासनं काढता येतो, निदान कागदोपत्री, आणि माहीत असलेल्या विषम बाजूंच्या बहुभुजांत तोच सगळ्यांत मोठा. दोनच बाजू वाढवून ४२९४९६७२९७ केल्या की दार बंद, कारण ६४१ त्या रांगेतला नाही. हर्मेस नावाच्या जर्मन माणसानं एकट्या ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना लिहायला दहा वर्षं घालवली, १८९४ मध्ये संपवली, आणि ते बाड गॉटिंगेनला ठेवलेलं आहे. आमच्याकडं ड्रॉइंगच्या तासाला षटकोनच धड येत नाही, ते असो.

मला स्वतःला ह्या आकड्यातलं सगळ्यांत आवडतं ते वर्गांचं. ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे तर उघडच आहे. पण तो दुसऱ्याही दोन वर्गांची बेरीज आहे: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. यंत्रावर करून बघा, शेवटच्या अंकापर्यंत जुळतं. हे कुठून आलं? ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७००४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. आता आडवं-तिडवं गुणा. २५ × २५५६ झाले ६३९००, ४ × ४०९ झाले १६३६. बेरीज केली तर ६५५३६, वजाबाकी केली तर ६२२६४. मग २५ × ४०९ झाले १०२२५ आणि ४ × २५५६ झाले १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९. चारही आकडे आपोआप खाली येऊन पडतात. आणि कुठल्याही मूळ संख्येला दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच प्रकारे लिहिता येतं. दोन प्रकार सापडले की ती संयुक्त ठरली, अवयव नंतर काढा. २०४४९ कडं नीट बघाल तर तो स्वतःच १४३ चा वर्ग आहे. ह्याचा उपयोग काय, असं एका पोरानं विचारलं होतं. मी त्याला सांगितलं, काहीच नाही, लिहून घे.

तर घ्यावं का? डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बीएस्सी करणाऱ्यानं डोळे झाकून घ्यावं. नुसत्या दुकानाच्या हिशेबाला मोंढ्यातलं बारा आकडीच बरं, त्याची बटणं मोठी आहेत आणि खाली पडलं तरी जीव हळहळत नाही. अकरावी-बारावीवाल्यांनी थांबावं, त्यांना पुढं लागेल तेव्हा बघता येईल. ह्या यंत्राची बटणं बारीक आहेत, पिवळी अक्षरं ट्यूबलाइटखाली मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि सोबतचं माहितीपत्रक एवढ्या बारीक टायपात आहे की ते छापणाऱ्यानंही वाचलं नसावं. लाइट गेली तरी यंत्र चालू राहतं, ही परभणीत किरकोळ सोय नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तेवढं ठेवू नका.

ह्याच्यासारखंच दिसणारं एक चारशे-पाचशेतही मिळतं. एका दुकानात मला तेच पुढं केलं होतं, "सेम टू सेम आहे सर," म्हणून. फॅक्ट बटण शोधलं तर त्याच्या जागी काहीच छापलेलं नव्हतं. म्हणून डबा काउंटरवरच उघडायला लावा, दोनचा बत्तिसावा घात अधिक एक करा आणि फॅक्ट दाबा. ६४१ आणि पुढं कंसात ६७००४१७ आलं तर पैसे द्या आणि बिलावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. आणि दुकानदार फारच उत्साहात असेल तर रांगेतला पुढचा आकडाही, दोनचा चौसष्टावा घात अधिक एक, टाकून बघा. तो वीस अंकी आहे, पडद्यावर १.८४४६७४४०७ गुणिले दहाचा एकोणिसावा घात एवढंच दिसेल आणि फॅक्टचं काम दहा अंकांच्या पुढं चालत नाही. लांद्री नावाच्या फ्रेंच माणसानं त्याचे अवयव १८८० मध्ये काढले तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. लहान अवयव २७४१७७, आणि त्यातून एक वजा केलात तर त्यालाही १२८ नं भाग जातो.